आधी बाहेर पडायची वाट विचारा

वाचकांचे प्रश्न । या वेळचा विषय: मालकाकडून थेट घेतलेलं, वाटून राहायचं घर

‘भाड्याच्या घरांबद्दल काही अडलं असेल तर लिहा’ असं मागच्या अंकात जाता जाता म्हटलं होतं. पत्रांचा ढीग आला. त्यातली निम्म्याहून जास्त एकाच प्रकारच्या घरांची: तीन-चार अनोळखी किंवा अर्धवट ओळखीची माणसं, एक स्वयंपाकघर, एक बाहेरचं दार आणि मध्ये एजंट नाही. एजंट नसला की दलाली वाचते, हे खरंच. पण एजंट नाइलाजाने का होईना जे दोन कागद करून घेतो, तेही वाचतात, आणि ते नंतर महागात पडतं.

उत्तरं देण्याचा माझा अधिकार एवढाच, की शिकताना आणि नोकरीच्या सुरुवातीला मी अकरा वर्षांत सहा घरं वाटून राहिले, आणि गेली चौदा वर्षं आमच्याच घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने देते. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात. मी वकील नाही. कायद्याचं जिथे बोलले आहे तिथे शक्यतो नाव आणि साल दिलंय, म्हणजे तुम्हाला पडताळून बघता येईल.

प्रश्न: ताई, आम्ही चौघांनी मिळून मालकांकडून थेट फ्लॅट घेतला. करार एकच, त्यावर चौघांच्या सह्या. पाचव्या महिन्यात एकजण नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेला. मालक म्हणतात, भाडं पूर्ण आलं पाहिजे, कोण राहतं कोण जातं ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही आमचा पाऊण हिस्सा भरला तर कायद्याने चालेल ना? वर तो गेलेला मित्र आपलं डिपॉझिट आमच्याकडे मागतोय. (उरलेले तिघे)

उत्तर: चालणार नाही. ‘आमचा पाऊण हिस्सा’ म्हणताय, पण तुमच्या करारात हिस्से आहेतच कुठे? ते तुमच्या चौघांच्या डोक्यात आहेत. मालकाच्या लेखी तुम्ही चौघे म्हणजे एकच भाडेकरू, फक्त आठ पायांचा.

भारतीय करार कायदा, १८७२, याचं कलम ४३ वाचा. अनेकांनी मिळून एक वचन दिलं असेल आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ज्याला वचन दिलं तो त्यांतल्या कोणा एकाकडूनही सगळं वसूल करू शकतो. म्हणजे मालकांनी मनात आणलं, तर ते तुमच्यापैकी एकट्याच्याच मागे लागतील, बहुधा ज्याचा पगार सगळ्यात वेळेवर होतो त्याच्या. इंग्लंड आणि जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांचीही पत्रं आहेत. एकाच करारावर एकत्र सह्या केल्या असतील तर तिकडेही हाच न्याय. पण त्याच कलमात तुमच्या कामाचीही गोष्ट आहे. ज्याने जास्त भरलं, त्याला बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागता येतो. मित्र शहर सोडून गेला म्हणजे करारातून गेला असं होत नाही. त्याची सही अजून तिथेच बसलेली आहे, हे त्याला शांतपणे कळवा. फोनवर सांगू नका, लिहून पाठवा.

डिपॉझिटचं उत्तर सोपं आहे: ते मालकांकडे आहे, तुमच्याकडे नाही. साधारणपणे होतं असं, की नवा मुलगा येतो, तो जुन्याच्या हातात त्याच्या वाट्याचं डिपॉझिट ठेवतो, जुना खूश होऊन निघून जातो आणि मालकाला पत्ताच नसतो. वर्षभराने घर सोडताना कागदावर जुन्याचं नाव, पैसे मागायला नवा उभा. मालक प्रामाणिक असले तरी देणार कोणाला? म्हणून नवा माणूस मिळाला की त्याला आधी मालकांसमोर उभा करा आणि पुरवणी करार करून घ्या: अमक्या तारखेपासून हा बाहेर, हा आत, डिपॉझिटमधला एवढा वाटा आता याच्या नावे. खाली सगळ्यांच्या सह्या, मालकांचीही. मूळ करार रजिस्टर केलेला असेल, तर पुरवणीही रजिस्टर करावी लागेल का, ते त्याच कचेरीत विचारून घ्या.

आता ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांच्यासाठी. वाटून राहायच्या घरात कागद तीन प्रकारचे असतात, आणि घर बघताना भिंतींच्या रंगाआधी हे बघायचं असतं. पहिला तुमचा: एक कागद, सगळ्यांच्या सह्या. दुसरा: प्रत्येकाचा मालकाशी स्वतंत्र करार, ‘उत्तरेकडची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक’ असं लिहिलेला. यात शेजारचा पळून गेला तर ती मालकाची डोकेदुखी. मालक याला कुरकुरतात, कारण चार करार म्हणजे चार खर्च आणि रिकाम्या खोलीचा तोटा त्यांच्या अंगावर. मीसुद्धा कुरकुरले होते. आता दोन खोल्यांचे दोन करार करते, आणि एकीच्या चुकीसाठी दुसरीला फोन करायची वेळ येत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात घातक. करार एकाच्याच नावावर, बाकीचे त्याच्या हाताखाली. माझं तिसरं घर असं होतं. आम्ही तिघी दर महिन्याच्या दोन तारखेला चौथीच्या हातात पैसे द्यायचो; घर ‘तिने घेतलेलं’. सातव्या महिन्यात एका रविवारी सकाळी मालक दारात उभे राहिले. हातात रबरबँड लावलेली छोटी वही. चौथी गावाला गेलेली. त्यांनी आम्हा तिघींकडे आळीपाळीने बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, “तुम्ही कोण?” त्यांच्या वहीत तीन महिन्यांची पानं कोरी होती. आमच्याकडे एकही पावती नव्हती, असणार कुठून? मालक भले होते, पंधरा दिवस दिले. पैसे मात्र गेले ते गेलेच. तेव्हापासून घर बघायला गेले की माझा पहिला प्रश्न असायचा: मला उद्या जायचं झालं तर कोणाला सांगायचं, किती दिवस आधी, आणि माझे पैसे कोण देणार? या तीन गोष्टींवर समोरचा अडखळला तर मी चप्पल घालायची.

प्रश्न: दोन वर्षांनी खोली सोडली. मालकांनी रंगकाम, ‘डीप क्लीनिंग’ आणि कपाटाच्या दाराची दुरुस्ती असं सांगून डिपॉझिटमधून निम्म्याहून जास्त कापलं. भांडायला पुरावा नाही. हे नेहमीचंच आहे का? (रंगात रंगलेला)

उत्तर: नेहमीचंच आहे, म्हणून बरोबर आहे असं नाही. झीज आणि नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी. दोन वर्षांत भिंतीचा रंग उतरतो, चालण्याच्या वाटेवर लादीची चकाकी जाते, नळाचा वॉशर झिजतो. ही झीज, आणि घर वापरायला देऊन भाडं घेतलं जातं ते हिच्यासाठीच. भिंतीत ठोकलेले सहा खिळे, गरम भांडं ठेवून जळलेला ओटा, फुटलेली काच हे नुकसान. रंग किती वर्षांनी द्यायचा आणि कोणी, ते करारात नसेल तर पूर्ण खोलीचा रंग तुमच्या माथी मारणं मला पटत नाही. कोणत्या कामाला किती लागले, त्याची बिलं लेखी मागा. बिल मागितलं की आकडा पुष्कळदा आपोआप खाली येतो.

माझीच गोष्ट सांगते, म्हणजे मालक मंडळी रागावणार नाहीत. चार-पाच वर्षांपूर्वी एक मुलगी खोली सोडून गेली. मी कपाट उघडलं तर डावं दार खालच्या बिजागरीतून सुटून तिरकं लोंबत होतं. मी सुताराचा खर्च कापून बाकीचे पैसे पाठवले, आणि मनात दोन शब्द बोललेही. अर्ध्या तासात तिचा फोटो आला. ती राहायला आली त्या दिवशीचा: तेच दार, तीच बिजागरी, तीनपैकी दोन स्क्रू गायब, तिसरा अर्धा बाहेर. शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरलेलं. कपाट मी तिला तसंच दिलं होतं आणि विसरले होते. पैसे त्याच संध्याकाळी परत केले. मला राग आला तो तिच्या हुशारीचा नव्हता. तोवरच्या इतक्या वर्षांत हे मला कधी सुचलं नाही, त्याचा होता. आता खोली देताना मीच फोन काढून भाडेकरूबरोबर फिरते.

फोटो काढताना लोक खोलीच्या मधोमध उभे राहून चार भिंती टिपतात. ते पाहुण्यांना दाखवायचे फोटो. तुम्ही कपाटाच्या मागची ओल, खिडकीची तुटकी कडी, गादीची दुसरी बाजू, बेसिनखालचा पाइप, इलेक्ट्रिक मीटरचा आकडा असं टिपा, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. स्वतःच्या फोनमध्ये ठेवलेला फोटो पुरावा म्हणून अर्धाच. ‘मिळाले’ असं उत्तर आलेला फोटो पूर्ण.

डिपॉझिट मुळात किती असावं याबद्दल तीन पत्रं आहेत, तीन ठिकाणांहून. इंग्लंडमध्ये साधारण भाड्याच्या घरांसाठी २०१९ पासून पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि नेहमीच्या भाडेकरारात मालकाने ते ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावं लागतं. वाद झाला तर निवाडा तिथे होऊ शकतो. जर्मनीत कमाल मर्यादा तीन महिन्यांचं मूळ भाडं, इतर खर्च धरायचे नाहीत, आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क आहे. हे तिकडे गेलेल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. भारतात २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. तुमच्या राज्याने तो स्वीकारला असेल तरच मालकाला दाखवा, नाहीतर तो हसेल.

प्रश्न: मालक म्हणतात करार ११ महिन्यांचाच आहे, त्यामुळे रजिस्टर करायची गरज नाही, साध्या स्टॅम्प पेपरवर सही करू. आम्ही महाराष्ट्रात आहोत. करावी का?

उत्तर: नाही. ११ महिन्यांची ही समजूत जुन्या केंद्रीय कायद्यातून आली, जिथे एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ मात्र मुदतीची अशी सूट देत नाही. लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणारा करार, लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की सहा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. त्याने केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हे शेवटचं वाक्य मालकांना वाचून दाखवा. बहुतेकांना दंडाची भीती वाटत नाही, या वाक्याची वाटते. नोंदणी ऑनलाइन होते, कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात ही सबबही आता राहिलेली नाही.

प्रश्न: माझी मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहतेय. मालक-मालकीण त्याच घरात राहतात, तिला एक खोली दिली आहे. माणसं चांगली वाटली. पण ती कॉलेजला गेली की मालकीणबाई तिच्या खोलीत जातात, ‘पंखा चालू राहिला होता’ वगैरे सांगतात. मुलगी म्हणते, आई, तू बोलू नकोस. मी काय करू? (काळजीत असलेली आई)

उत्तर: मुलीचं ऐका, तुम्ही बोलू नका. तिला बोलू द्या. पण बोलायचं काय, ते तिला या उत्तरातून वाचायला द्या.

मालक त्याच घरात राहतात तेव्हा नातं वेगळंच होतं. तिथे तुम्ही अर्ध्या भाडेकरू आणि अर्ध्या पाहुण्या. कायदाही तसाच बघतो. इंग्लंडमध्ये मालकाच्याच घरात राहून स्वयंपाकघर-न्हाणीघर वाटून घेणाऱ्याला नेहमीच्या भाडेकरूची बरीचशी संरक्षणं नाहीत. डिपॉझिट योजनेत ठेवायची सक्ती मालकावर नाही, आणि वाजवी मुदतीची सूचना दिली की कोर्टात न जाता खोली सोडायला सांगता येते. हे ऐकून घाबरायचं कारण नाही, मी स्वतः याच प्रकारची मालकीण आहे. पण कायदा जिथे कमी बोलतो तिथे कागदाने जास्त बोलावं लागतं.

आता मालकीणबाईंच्या बाजूने थोडं. स्वतःच्या घरातली एक खोली बंद होणं हे सोपं नसतं. सुरुवातीची दोन वर्षं मीही जायचे. पंखा, खिडकी, पावसात वाळत घातलेले कपडे, कारणं खरीच असायची. मग एका भाडेकरू मुलीने दारावर आतून नव्हे, बाहेरून चिठ्ठी लावली: “काकू, पंखा राहिला असेल तर मेसेज करा, मी बिलात भरीन.” मला इतकं लाजल्यासारखं झालं! त्यानंतर मी न विचारता आत गेले ती एकदाच, पाणी वाहत दाराखालून बाहेर आलं तेव्हा.

तर मुलीने असं म्हणावं: काकू, मी नसताना खोलीत जायची वेळ आली तर आधी एक मेसेज टाका. आग, पाणी, गॅस असेल तर विचारत बसू नका, लगेच जा. शेवटचं वाक्य मुद्दाम घालायचं. त्याने समोरच्याचा मान राहतो, आणि बाकी सगळ्या वेळी विचारायचं हेही त्यातच येतं. २४ तास आधी लेखी कळवून येण्याची पद्धत इंग्लंडच्या कायद्यात आहे आणि आपल्या आदर्श कायद्यातही घातली आहे. पण एकाच छपराखाली कलमं काढून दाखवली की दुसऱ्या दिवशी सकाळी एकमेकींची तोंडं बघायची असतात. आधी मेसेज, कलम शेवटी.

तुम्ही आई म्हणून एक काम करा. पुढच्या भेटीत न्हाणीघराची कडी आतून नीट बसते का बघा, आणि पाणी तापवायला गॅस गीझर आत बसवला असेल तर हवा जायला झरोका आहे का, तेही. बंद न्हाणीघरात गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, अंघोळ करणाऱ्याला फक्त गरगरल्यासारखं वाटतं. पंख्यापेक्षा याची काळजी करा.

प्रश्न: मालक परदेशात आहेत. फोटो छान, भाडं कमी. म्हणतात आधी टोकन भरा, किल्ली कुरियरने पाठवतो.

उत्तर: ती किल्ली जगातल्या कोणत्याही कुलपाला लागणार नाही. पैसे भरू नका. परदेशात खरेच मालक असतात, पण त्यांचा इथे कोणीतरी भाऊ, मेहुणा, शेजारी असतो जो दार उघडून दाखवतो. दार उघडणारा माणूस नसेल तर घर नाही. भाडं आजूबाजूच्यापेक्षा कमी का, याला सरळ उत्तर नसेल तर नाही. पैसे ज्या खात्यात मागितलेत त्यावरचं नाव आणि मालमत्ता कराच्या पावतीवरचं नाव जुळत नसेल तरीही नाही. ‘अजून तिघांनी विचारलंय’ हे वाक्य आलं, की त्या तिघांना शुभेच्छा द्यायच्या.

प्रश्न: आम्ही तिघं राहतो, वीजबिल समान वाटतो. एकजण घरूनच काम करतो, दिवसभर लॅपटॉप चालू. त्याने जास्त भरावं असं आमचं म्हणणं. तो म्हणतो, तुम्ही दोघं गीझर किती वेळ चालू ठेवता ते बघा. बोलणं बंद झालंय. निवाडा करा. (दोन विरुद्ध एक)

उत्तर: एकाच्या बाजूने.

हिशेब करा, कठीण नाही. एक किलोवॉटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट. लॅपटॉप साधारण ५० ते ६० वॉट खातो. दहा तास चालला तरी अर्धं-पाऊण युनिट. साठवणीचा गीझर २,००० वॉटचा असतो. अर्धा तास तापला की एक युनिट गेलं. म्हणजे तुमच्या दोघांच्या दोन निवांत अंघोळींत त्याच्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त वीज जाते. छताचा जुना पंखा ७५ वॉटचा धरा, तेरा-चौदा तासांना एक युनिट. तो दिवसा घरी असतो म्हणून त्याचा पंखाही मोजा, तरी तुमचं पारडं जडच राहतं. भांडायचंच असेल तर एसीवरून भांडा. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट ओढतो, आणि तो कोणाच्या खोलीत आहे हे पत्रात सोयीस्करपणे लिहिलेलं नाही.

माझ्या पाचव्या घरात आम्ही हे असं सोडवलं होतं. बिलातला स्थिर आकार आणि सामाईक दिवे-फ्रिज सगळ्यांत समान. एसी ज्याच्या खोलीत, त्याने एसीपुरती वीज मोजणारा वेगळा सबमीटर बसवायचा आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचा. आकडा लिहायला कोणी विसरलं तर त्या महिन्याचं बिल समान. पहिल्या महिन्यात एकजण विसरला. नंतर कोणी विसरलं नाही.

आणि बिल मालकाकडून ‘एवढे झाले’ असं तोंडी येत असेल तर मूळ बिलाचा फोटो मागा. मालक युनिटमागे बिलापेक्षा जास्त दर लावतात, असं लिहिणारी दोन पत्रं या ढिगात आहेत. मागायला संकोच करू नका. फोटो मागणं म्हणजे आरोप करणं नव्हे.

प्रश्न: मालकाने हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन घालून दोन ‘खोल्या’ केल्या आहेत. आतल्या खोलीचं भाडं कमी आहे. घ्यावी का?

उत्तर: आतल्या खोलीला स्वतःची खिडकी आहे का? आणि रात्री आग लागली तर बाहेर पडायची वाट दुसऱ्या कोणाच्या कुलूप लागणाऱ्या दारातून जाते का? खिडकी नाही आणि वाट दुसऱ्याच्या खोलीतून, असं असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. किती लहान खोलीला खोली म्हणायचं याचं एक माप सांगते. इंग्लंडमध्ये पाच किंवा जास्त माणसं एकमेकांशी नातं नसताना वाटून राहतात अशा घरांना परवाना लागतो, आणि तिथे एका प्रौढाने झोपायची खोली किमान ६.५१ चौरस मीटर हवी, म्हणजे साधारण सत्तर चौरस फूट. टेप घेऊन जा. मालक हसले तर हसू देत, मीही हसले असते.

प्रश्न: या महिनाअखेर खोली सोडतेय. नोटीस लेखी दिली आहे, मालकांचं ‘ठीक आहे’ असं उत्तरही आलंय. शेवटच्या दिवशी काय काय करू? आणि शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला सांगू का? (एकदाची सुटले)

उत्तर: वळतं करायचं असेल तर मालकांची लेखी संमती घेऊनच. परस्पर भाडं थांबवलंत तर करार मोडणाऱ्या तुम्ही ठरता, आणि मग बिजागरीचा हिशेब तुमच्याशी वेगळ्या सुरात होतो. मालक डिपॉझिट बुडवणारे आहेत अशी घरात ख्याती असेल, तर आधी सोडून गेलेल्या एखादीला फोन करून विचारा तिला किती दिवसांनी मिळालं. वाटून राहायच्या घराचा हा एक फायदा, की तुमच्या आधी कोणीतरी त्याच वाटेने गेलेलं असतं.

शेवटच्या दिवशी खोली रिकामी झाल्यावर, सामान टेम्पोत चढल्यानंतर, मालकांबरोबर एकदा फिरा. पहिल्या दिवशीचे फोटो हातात ठेवा. मीटरचा आकडा दोघांनी बघून लिहा. सामाईक वस्तूंत तुमचे पैसे असतील, मिक्सर म्हणा, वायफायचा राउटर म्हणा, तर त्याचा हिशेब मालकांशी नाही, घरातल्यांशी. तो आदल्या रात्रीच मिटवा. कराराची रद्द केल्याची नोंद किंवा निदान ‘ताबा मिळाला’ एवढी ओळ तारखेसह घ्या.

किल्ल्या मोजून द्या, आणि किती दिल्या ते लिहून घ्या. माझ्या चौथ्या घराची किल्ली परवा जुन्या पर्समध्ये सापडली. सोडताना कोणी मागितली नव्हती, मीही विसरले. त्या दारावर तेच लॅच असेल, तर तिथल्या आताच्या मुलींना माहीतही नाही की अजून एक किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. म्हणून आमच्या वरच्या खोल्यांचं लॅच मी दर वेळी बदलते. नव्या खोलीत जाल तेव्हा तिथल्या मालकांनी बदललंय का विचारा. नसेल तर स्वतःच्या खर्चाने बदला, एक किल्ली त्यांना द्या, आणि पावती डिपॉझिटच्या पावतीशेजारी ठेवा.